धर्मादाय निधीची राखण : प्रादेशिक प्रतिष्ठान आणि गुंतवणुकीचे नेतृत्व



धर्मादाय संस्थांच्या कार्याचा विचार करताना बहुधा दोनच प्रश्नांची चर्चा होते. निधी कसा उभा राहिला, हा पहिला प्रश्न आणि तो कोणत्या कामासाठी खर्च झाला, हा दुसरा. या दोहोंच्या मधला काळ मात्र दुर्लक्षित राहतो. देणगीदाराच्या हातून निघालेला पैसा लाभार्थ्यापर्यंत पोहोचेपर्यंत कोठे होता, कोणाच्या देखरेखीखाली होता आणि त्या काळात त्याची शक्ती वाढली की घटली, हे फारसे कोणी विचारीत नाही. एखाद्या जिल्ह्यात किंवा तीन-चार जिल्ह्यांच्या प्रदेशात काम करणाऱ्या प्रतिष्ठानात हे काम सामान्यतः खजिनदाराच्या कपाटातील ठेवींच्या पावत्यांपुरते मर्यादित असते. मुदत संपली की पावतीचे नूतनीकरण करावे, व्याज खात्यात जमा करून घ्यावे आणि वर्षअखेरीस ताळेबंद लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा, एवढ्यावर गुंतवणुकीचा विषय संपतो.

वस्तुतः कायम निधीच्या बळावर चालणाऱ्या प्रतिष्ठानाचे भवितव्य याच दुर्लक्षित कामावर अवलंबून असते. किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यायची, ग्रामीण रुग्णालयाला किती साहाय्य करायचे, दुष्काळाच्या वर्षी हात किती मोकळा सोडायचा, हे निर्णय विश्वस्त मंडळाच्या बैठकीत होतात. परंतु त्यांची मर्यादा आधीच गुंतवणुकीने ठरविलेली असते. म्हणून गुंतवणुकीची धुरा वाहणाऱ्या व्यक्तीची, म्हणजे गुंतवणूकप्रमुखाची, कर्तव्ये कोणती आणि 'सुरक्षित गुंतवणूक' या शब्दांचा खरा अर्थ काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रकमेचे मूल्य आणि कामाचे मूल्य

एक उदाहरण घेऊ. एका प्रतिष्ठानाकडे १ कोटी रुपयांचा कायम निधी आहे आणि तो संपूर्णपणे बँकेच्या मुदत ठेवींत आहे. व्याजाचा दर ७ टक्के धरला, तर वर्षाला ७ लाख रुपये उत्पन्न मिळते. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग धर्मादाय उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो, म्हणजे ५ लाख ९५ हजार रुपये. उरलेले १५ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार रुपये, निधीत जमा करता येतात. एका विद्यार्थ्यामागे ३० हजार रुपये शिष्यवृत्ती असेल, तर पहिल्या वर्षी १९ विद्यार्थ्यांची सोय होते.

हाच क्रम वीस वर्षे चालू ठेवला आणि महागाईचा दर सरासरी ५ टक्के राहिला, तर काय होईल? ताळेबंदात निधी सुमारे १ कोटी २३ लाख रुपये दिसेल. एक रुपयाही बुडालेला नसेल. लेखापरीक्षकाचा शेरा निर्दोष असेल. पण पूर्वी ३० हजारांत भागणारा वसतिगृहाचा, पुस्तकांचा व शुल्काचा खर्च आता जवळपास ८० हजारांवर गेलेला असेल आणि शिष्यवृत्तीसाठी उपलब्ध रक्कम सुमारे ७ लाख ३३ हजार असेल. त्यातून केवळ ९ विद्यार्थ्यांची सोय होईल. उरलेल्या दहा जणांना कोणी नाकारले, याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडणार नाही. बाजार कोसळल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. महागाईने झालेली ही झीज कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही.

यावरून सुरक्षिततेचे दोन अर्थ स्पष्ट होतात. ठेवलेली रक्कम तेवढीच परत मिळणे, हा एक अर्थ. ठेवलेल्या रकमेतून होणारे काम तेवढेच होत राहणे, हा दुसरा. पहिला अर्थ हिशेबनीसाला समाधान देतो, दुसरा लाभार्थ्याला. दोन्ही अर्थांचा एकाच वेळी सांभाळ करणे, हेच गुंतवणूकप्रमुखाचे खरे काम होय.

नोबेल प्रतिष्ठानाचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्याकडील लहान संस्थांचा नाही. जगातील सर्वांत प्रतिष्ठित पुरस्कार देणाऱ्या संस्थेलाही याच अनुभवातून जावे लागले. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ च्या मृत्युपत्रात आपली मालमत्ता सुरक्षित रोख्यांत गुंतवावी आणि तिच्या उत्पन्नातून पुरस्कार द्यावेत, असे लिहून ठेवले. १९०० साली स्वीडनमध्ये नोबेल प्रतिष्ठानाची स्थापना झाली. 'सुरक्षित' या शब्दाचा त्या काळी रूढ असलेला अर्थ स्वीकारून निधी प्रामुख्याने सरकारी व तत्सम रोख्यांत आणि तारणी कर्जांत ठेवण्यात आला.

१९०१ साली प्रत्येक पुरस्काराची रक्कम १,५०,७८२ स्वीडिश क्रोनर होती. १९२३ साली ती सुमारे १,१५,००० क्रोनरपर्यंत खाली आली. दोन महायुद्धांच्या काळातील महागाई आणि करांचा भार यांमुळे पुरस्काराची क्रयशक्ती पहिल्या वर्षाच्या तुलनेत फारच घटली. निधी चोरीला गेला नव्हता की चुकीच्या हातांत पडला नव्हता. जे नियम त्याच्या रक्षणासाठी केले होते, त्यांच्याच चौकटीत तो झिजत गेला.

१९४६ मध्ये प्रतिष्ठानाला करमुक्ती मिळाली आणि १९५३ मध्ये स्वीडिश सरकारने समभागांत व स्थावर मालमत्तेत गुंतवणूक करण्याची मुभा दिली. तेव्हापासून निधीच्या वास्तव मूल्याची पुनर्बांधणी सुरू झाली. तरीही पुरस्काराचे १९०१ मधील वास्तव मूल्य पुन्हा गाठण्यास १९९१ साल उजाडावे लागले. झीज दोन-तीन दशकांत झाली. ती भरून काढण्यास जवळपास चार दशके लागली.

या कथेला पुढचा एक अध्यायही आहे. २०१२ साली प्रतिष्ठानाने पुरस्काराची रक्कम १ कोटी क्रोनरवरून ८० लाख क्रोनरवर आणली. उत्पन्नापेक्षा खर्च अधिक होत राहिला तर निधी दीर्घकाळ टिकणार नाही, हा त्यामागील हिशेब होता. निधीची स्थिती सुधारल्यावर २०१७ मध्ये ती ९० लाख, २०२० मध्ये पुन्हा १ कोटी आणि २०२३ मध्ये १ कोटी १० लाख क्रोनर करण्यात आली. गुंतवणुकीचे धोरण आणि खर्चाचे धोरण एकमेकांपासून वेगळे ठेवता येत नाही, हे यातून दिसते. आवश्यक तेव्हा खर्च कमी करण्याचा अप्रिय सल्ला देणे, हाही गुंतवणुकीच्या नेतृत्वाचाच भाग आहे.

भारतातील कायद्याची चौकट

आपल्या देशात सार्वजनिक न्यासाच्या पैशाची गुंतवणूक मनाला येईल तशी करता येत नाही आणि ते योग्यच आहे. विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता सामान्य विवेकी माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळील तितक्या काळजीने सांभाळावी, हे तत्त्व भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम १५ मध्ये आहे. हा कायदा खाजगी न्यासांसाठी असला, तरी विवेकाचे हे माप सर्वच विश्वस्तांना लागू पडणारे आहे.

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ११(५) ने गुंतवणुकीच्या मान्य मार्गांची यादी दिली होती. अल्पबचत योजना, टपाल खात्यातील बचत, अनुसूचित व सहकारी बँकांतील ठेवी, केंद्र व राज्य सरकारांचे रोखे, सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांतील गुंतवणूक, स्थावर मालमत्ता इत्यादींचा तिच्यात समावेश होता. पुढे नियमांद्वारे म्युच्युअल फंडांच्या युनिट्सनाही मान्यता मिळाली. खाजगी कंपन्यांचे समभाग थेट विकत घेण्यास मात्र या यादीत सर्वसाधारणपणे स्थान नव्हते. या अधिनियमाच्या जागी प्राप्तिकर अधिनियम, २०२५ करण्यात आला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. कलमांचे क्रमांक बदलले, तरी उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांचा विनियोग आणि ठरावीक मार्गांनीच गुंतवणूक हा व्यवस्थेचा गाभा कायम ठेवण्यात आला.

महाराष्ट्रातील न्यासांना याखेरीज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३५ पाळावे लागते. बँकांतील ठेवी, सरकारी रोखे यांसारख्या मोजक्या मार्गांव्यतिरिक्त अन्यत्र पैसा गुंतवायचा असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या सर्वसाधारण वा विशेष आदेशाचा आधार लागतो. म्हणजे जो मार्ग प्राप्तिकर कायद्याला मान्य आहे, तो राज्याच्या कायद्याला मान्य असेलच असे नाही. दोन्ही दारे उघडी आहेत की नाहीत, हे पाहूनच पाऊल टाकावे लागते. अन्य राज्यांतही स्थानिक कायदा आणि न्यासाचे घटनापत्र यांचा असाच ताळमेळ घालणे आवश्यक असते. अनेकदा घटनापत्रच इतके जुने असते की त्यात केवळ टपाल खाते आणि सरकारी कागद यांचाच उल्लेख आढळतो. अशा वेळी घटनापत्रात रीतसर दुरुस्ती करून घेणे, हे गुंतवणूकप्रमुखाचे पहिले काम ठरते.

अलीकडच्या काही बदलांमुळे कायम निधीचे मोल आणखी वाढले आहे. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वापोटी करावा लागणारा खर्च कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत देणगी देऊन भागविता येत नाही, असे २०२१ च्या सुधारणेनंतर स्पष्ट झाले. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने कायम निधीसाठी मिळालेल्या देणग्या मान्य मार्गांनी आणि त्याच निधीसाठी स्वतंत्रपणे गुंतविलेल्या असल्या पाहिजेत, अशी अट घातली. नवा कायम निधी उभारणे असे कठीण होत असताना हाती असलेल्या निधीची राखण अधिक डोळसपणे करणे क्रमप्राप्त आहे.

परवानगी म्हणजे हमी नव्हे

मान्य यादीत नाव आहे, एवढ्यावर निश्चिंत राहणारे विश्वस्त पुष्कळ आढळतात. दोन प्रसंग या समजुतीचा फोलपणा दाखवितात.

युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची १९६४ साली सुरू झालेली यूएस-६४ ही योजना मध्यमवर्गाप्रमाणेच संस्थांनाही बँकेच्या ठेवीइतकीच निर्धोक वाटत असे. युनिट ट्रस्टच्या युनिट्सचा उल्लेख प्राप्तिकर कायद्याच्या मान्य यादीत नावानिशी होता. जुलै २००१ मध्ये या योजनेतील युनिट्सची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी स्थगित करण्यात आली. जाहीर होणारी किंमत आणि योजनेकडील मालमत्तेचे प्रत्यक्ष मूल्य यांतील अंतर त्या वेळी सर्वांसमोर आले.

दुसरा प्रसंग पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचा. ही अनुसूचित बहुराज्यीय सहकारी बँक होती. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि प्रारंभी प्रत्येक खात्यातून केवळ १ हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत तिचे विलीनीकरण झाले. त्या योजनेत वैयक्तिक ठेवीदारांना विम्यापलीकडील रक्कम दहा वर्षांच्या कालावधीत टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या रकमेपैकी ८० टक्के भाग मात्र वार्षिक १ टक्का लाभांश असलेल्या बेमुदत अग्रहक्क भागांत रूपांतरित झाला. शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवलेला पैसा अशा भागांत अडकला, तर विद्यार्थ्याचे त्या वर्षीचे शुल्क कशातून भरायचे, हा प्रश्न उरतोच.

ठेव विमा महामंडळाचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये झाले. ते एका ठेवीदाराला एका बँकेमागे, मुद्दल व व्याज मिळून आहे. कोट्यवधींचा निधी असलेल्या प्रतिष्ठानाच्या दृष्टीने ते नाममात्र आहे. पतसंस्थांतील ठेवींना तर हे संरक्षणही नाही आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, हे गावोगावी विसरले जाते.

प्रादेशिक प्रतिष्ठानाची खरी कसोटी येथे लागते. विश्वस्त त्याच गावातले, पतसंस्थेचे अध्यक्ष त्यांचे सोयरे किंवा सहकारी, आणि व्याज बँकेपेक्षा एक-दीड टक्का अधिक. ‘आपलीच माणसे आहेत, पैसा गावातच राहील,’ हा युक्तिवाद ऐकायला गोड वाटतो. पण गावावर संकट येते तेव्हा कर्जदार, पतसंस्था आणि लाभार्थी हे सर्व एकाच वेळी अडचणीत येतात. ज्या प्रदेशाला आधार द्यायचा, त्याच प्रदेशाच्या जोखमीत सगळा निधी गुंतवून ठेवणे म्हणजे भिजणाऱ्या घरातच कोरडे कपडे साठवून ठेवण्यासारखे आहे. निधी अनेक संस्थांत, अनेक मुदतींत आणि आपल्या प्रदेशाबाहेरही विभागलेला असावा, हा नियम म्हणूनच अत्यावश्यक ठरतो.

निधीचे तीन थर

आता गुंतवणूकप्रमुखाने प्रत्यक्षात काय करावे, याकडे वळू. प्रारंभ बाजाराकडे पाहून न करता संस्थेच्या वचनांकडे पाहून करावा. पुढील दोन वर्षांत कोणाला किती रक्कम देण्याचे मान्य केले आहे, याची यादी हाच गुंतवणुकीचा पाया होय. त्यानुसार निधीचे तीन थर कल्पिता येतात.

पहिला थर दोन वर्षांच्या मान्य अनुदानांचा. तो मोठ्या व सुस्थितीतील बँकांच्या अल्पमुदत ठेवींत किंवा सरकारी ट्रेझरी बिलांत असावा. येथे उत्पन्नापेक्षा पैसा वेळेवर हाती येणे महत्त्वाचे.

दुसरा थर तीन ते दहा वर्षांच्या गरजांचा. त्यासाठी केंद्र व राज्य सरकारांचे रोखे उपयुक्त ठरतात. मुदत ठेवीचा दर मुदत संपल्यावर बदलतो. १९९० च्या दशकाच्या मध्यास दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरील परतावा १३ ते १४ टक्क्यांच्या घरात होता, तो २००३ च्या सुमारास ५ टक्क्यांपर्यंत उतरला. केवळ एक-दोन वर्षांच्या ठेवींवर विसंबलेल्या संस्थांचे उत्पन्न त्या काळात निम्म्याहून खाली आले. वेगवेगळ्या वर्षी परिपक्व होणारे रोखे शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे रचले, तर असा धक्का एकदम बसत नाही. सरकारी रोख्यांच्या लिलावात न्यासांना बँक किंवा प्राथमिक व्यापाऱ्यामार्फत अस्पर्धात्मक बोली लावता येते आणि एका लिलावात एका रोख्यासाठी २ कोटी रुपयांपर्यंत मागणी नोंदविता येते. ही सोय असूनही अनेक संस्थांना ती ठाऊक नसते.

तिसरा थर दीर्घ काळाचा. महागाईवर मात करण्याची अपेक्षा याच थराकडून ठेवायची असते. कायदा व आयुक्तांचा आदेश अनुमती देत असेल, तेथे निर्देशांकाधारित किंवा समतोल म्युच्युअल फंडांचा मर्यादित वाटा यात असू शकतो. वाढीच्या पर्यायातील युनिट्सचे मूल्य वाढले, तरी ती विकेपर्यंत त्या वाढीची गणना उत्पन्नात होत नाही. शिवाय भांडवली मत्ता विकून आलेली रक्कम दुसऱ्या भांडवली मत्तेत गुंतविली, तर तो नफा विनियोग झाल्याचे मानण्याची तरतूद १९६१ च्या अधिनियमात होती. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग खर्चूनही निधीचे वास्तव मूल्य टिकविण्याची वाट येथून निघते. अर्थात चालू कायद्यातील शब्द सनदी लेखापालाकडून तपासून घेतल्याशिवाय या वाटेने जाऊ नये.

या थरांची उपयुक्तता २०२० साली दिसून आली. जानेवारीत ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्च रोजी २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्याच आठवड्यात देशभर टाळेबंदी लागू झाली आणि धान्य, औषधे व स्थलांतरित मजुरांसाठी मदतीची मागणी एकाएकी वाढली. बाजाराची घसरण आणि लोकांची गरज या दोन गोष्टी बहुधा हातात हात घालूनच येतात. ज्या संस्थेकडे पहिला थर भक्कम असेल, तिला अशा वेळी पडत्या भावात काहीही न विकता मदत करता येते. ज्या संस्थेकडे तो नसेल, तिला एक तर मदत थांबवावी लागते किंवा तोटा कायमचा पदरात घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०२० पर्यंत निर्देशांक पूर्वपदावर आला होता. थांबू शकणाऱ्यांचे नुकसान भरून निघाले.

खर्चाचे सूत्र

गुंतवणुकीइतकेच महत्त्व खर्चाच्या सूत्राला आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७४ मध्ये विद्यापीठांच्या कायम निधीचा विचार करताना असे प्रतिपादन केले की विश्वस्त हे वर्तमानाच्या मागण्यांपुढे भविष्याचे रक्षक असतात आणि पिढ्यापिढ्यांमध्ये न्याय राखणे हे त्यांचे कर्तव्य आहे. आजच्या विद्यार्थ्याला अधिक देऊन तीस वर्षांनंतरच्या विद्यार्थ्याला रिक्त हस्ते पाठविणे जसे अन्यायाचे, तसेच भविष्याच्या नावाखाली आजच्या गरजूला उपाशी ठेवणेही अन्यायाचेच.

व्यवहारात हा समतोल एका साध्या नियमाने साधता येतो. मागील तीन वर्षअखेरींच्या निधीमूल्याची सरासरी काढून तिच्या सुमारे ४ टक्के रक्कम अनुदानासाठी धरावी. समजा, निधीचे मूल्य सलग तीन वर्षे ९, १० आणि ११ कोटी रुपये होते. सरासरी १० कोटी, म्हणून अनुदान ४० लाख. चौथ्या वर्षी बाजार कोसळून मूल्य ८ कोटींवर आले. नव्या सरासरीनुसार अनुदान सुमारे ३८ लाख ६७ हजार होते. निधी २७ टक्क्यांनी घटला, पण अनुदानात जेमतेम ३ टक्क्यांची घट झाली. तेजीच्या वर्षी हाच नियम उधळेपणाला आवर घालतो. मात्र आपल्याकडे उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांची कायदेशीर किमान मर्यादा आहे. सूत्रानुसार येणारी रक्कम त्याहून कमी भरली, तर कायद्याची मर्यादाच पाळावी लागते किंवा विशिष्ट प्रयोजनासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम राखून ठेवण्याची रीतसर घोषणा करावी लागते.

निगा राखण्याच्या खर्चाकडेही लक्ष हवे. १ जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडांच्या योजनांत मध्यस्थाविना थेट गुंतवणुकीचा पर्याय उपलब्ध झाला. दोन पर्यायांच्या खर्चात १ टक्क्याचा फरक असेल, तर ५ कोटींच्या गुंतवणुकीवर वर्षाला ५ लाख रुपये वाचतात. वरील उदाहरणातील दराने ही सोळा विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती होते. मृत्युपत्राद्वारे मिळालेल्या घरांचे आणि जमिनींचेही असेच आहे. भाडे वर्षानुवर्षे तेच राहते, कर व दुरुस्ती वाढत जाते आणि मालमत्ता कागदावर मोठी असूनही कामाला येत नाही. महाराष्ट्रात अशी मालमत्ता विकण्यास कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ती प्रक्रिया वेळखाऊ असते, म्हणून तिचा आरंभ गरज निर्माण होण्यापूर्वी करावा.

अधिकारांची विभागणी

गुंतवणुकीचे निर्णय आणि अनुदानाचे निर्णय एकाच हातात नसावेत, हा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात १९१४ साली फ्रेडरिक गॉफ या बँकरने जगातील पहिले सामुदायिक प्रतिष्ठान स्थापन केले. अनेक देणगीदारांच्या निधींचा एकत्रित सांभाळ बँकेने करावा. तो पैसा कोणाला द्यायचा, हे मात्र नागरिकांच्या स्वतंत्र समितीने ठरवावे, अशी त्याची रचना होती. पाच सदस्यांपैकी तिघांची नियुक्ती महापौर आणि न्यायाधीश यांच्याकडे सोपविलेली होती. गुंतवणूक सांभाळणाऱ्या बँकेला समितीत बहुमत नव्हते. काळानुरूप उद्दिष्टे बदलण्याचा अधिकारही समितीला होता, कारण गतकाळातील देणगीदाराच्या शब्दांत अडकून निरुपयोगी झालेले निधी गॉफ यांनी पाहिले होते.

आपल्याकडील प्रतिष्ठानांनी यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. तीन ते पाच जणांची गुंतवणूक समिती असावी आणि तिच्यात किमान एक-दोन सदस्य विश्वस्त मंडळाबाहेरचे असावेत. ज्या विश्वस्ताचा एखाद्या बँकेशी किंवा संस्थेशी संबंध असेल, त्याने तो लेखी जाहीर करून त्या विषयावरील चर्चेतून बाहेर राहावे. गुंतवणुकीचे धोरण दोन-चार पानांचे का होईना, पण लिखित असावे. कोणत्या प्रकारात किती वाटा, एका बँकेत जास्तीत जास्त किती रक्कम, कोणाची स्वाक्षरी आणि पुनर्विलोकन केव्हा, हे त्यात स्पष्ट असावे. गुंतवणूकप्रमुखाला ‘नाही’ म्हणण्याचे बळ या कागदातून मिळते. गावातील वजनदार व्यक्तीच्या आग्रहाला एकट्या माणसाने विरोध करणे अवघड असते. सर्वांनी स्वाक्षरी केलेल्या धोरणाकडे बोट दाखविणे तेवढे अवघड नसते.

गांधीजींचा आक्षेप

शेवटी एका मूलभूत आक्षेपाचा विचार केला पाहिजे. नाताळ इंडियन काँग्रेसच्या अनुभवाविषयी लिहिताना महात्मा गांधींनी आत्मकथेत सार्वजनिक संस्था कायम निधीवर चालवू नयेत, असे ठाम मत मांडले आहे. लोकांच्या वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला दरवर्षी लोकांचा विश्वास मिळवावा लागतो. व्याजावर जगणारी संस्था लोकमतापासून स्वतंत्र होते आणि हळूहळू लोकांना उत्तर देण्याची तिची सवय सुटते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

हा आक्षेप आजही तितकाच सार्थ आहे. अनावृष्टी, महापूर किंवा साथीच्या काळात वर्गणी आटते, तेव्हा कायम निधीच उपयोगी पडतो, हे खरे. परंतु ज्या संस्थेने कायम निधी राखायचे ठरविले, तिने लोकांना हिशेब देण्याचे कर्तव्यही आपणहून पत्करले पाहिजे. त्यासाठी केवळ ताळेबंद पुरेसा नाही. गुंतवणूकप्रमुखाने दरवर्षी एका पानावर, स्थानिक भाषेत, चार गोष्टी मांडाव्यात. निधी किती आहे. महागाई वजा जाता पाच व दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत त्याचे मूल्य वाढले की घटले. तो कोणकोणत्या ठिकाणी गुंतविला आहे. आणि त्यातून किती लोकांचे कोणते काम झाले. हे पान कार्यालयाच्या फलकावर लावावे, वार्षिक सभेत वाचून दाखवावे. ज्या वर्षी मूल्य घटले असेल, त्या वर्षी तर ते आवर्जून वाचावे.

पगारातून दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकणारा शिक्षक, मुलाच्या स्मरणार्थ आयुष्याची पुंजी देणारी माता, परदेशी स्थायिक होऊनही जन्मगावाची आठवण ठेवणारा अभियंता, अशा असंख्य लोकांच्या श्रद्धेतून प्रादेशिक प्रतिष्ठानांचे निधी उभे राहिलेले असतात. त्यांनी पैसा दिला तो पावत्यांच्या नूतनीकरणासाठी दिलेला नाही. वसतिगृहात ज्या खाटेची सोय त्या पैशातून झाली, ती खाट वीस वर्षांनंतरही भरलेली राहावी, ही त्यांची अपेक्षा असते. तेव्हा विश्वस्त मंडळांनी येत्या बैठकीत निधीची रक्कम वाचून दाखविताना तिच्यासोबत एक आकडा आणखी ठेवावा : वीस वर्षांपूर्वी या निधीतून किती विद्यार्थी शिकत होते आणि आज किती शिकत आहेत. गुंतवणुकीच्या धोरणाची चर्चा तेथून सुरू व्हावी.